संस्थेची वेबसाइट संस्थेच्याच हातात: वर्डप्रेस एकत्र शिकण्याची आणि शिकवण्याची रीत

तालुक्यातली एखादी पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी आणि एक-दोन गृहनिर्माण संस्था एकत्र आल्या, तर बाहेर कंत्राट न देता आपापल्या वेबसाइट उभ्या करू शकतात. वर्डप्रेस हे वेबसाइट उभी करण्याचं सॉफ्टवेअर वापरलं तर त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. सहा रविवार, दर रविवारी अडीच तास, दहा शिकणारे आणि पाच संगणक एवढी तयारी पुरते. खरी अडचण वेबसाइट उभी करण्यात नसते, ती चालू ठेवण्यात असते. बहुतेक संस्थांच्या वेबसाइट एकाच कारणाने बंद पडतात. ज्या एका माणसाला सगळं येत होतं तो गाव सोडून गेला, पासवर्ड त्याच्याच ईमेलवर आणि ओटीपी त्याच्याच फोनवर राहिला. म्हणून या वर्गाची कसोटी एकच धरावी: वेबसाइटवरचं प्रत्येक काम संस्थेतल्या किमान तीन माणसांना करता आलं पाहिजे.

सहकाराच्या सात तत्त्वांपैकी पाचवं तत्त्व शिक्षणाचं आणि सहावं सहकारी संस्थांच्या परस्पर सहकार्याचं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २४-अ मध्येही सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. या वर्गाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते आधी लेखापरीक्षकाला विचारून घ्यावं, म्हणजे वर्षअखेरीला आक्षेप निघत नाही.

वर्डप्रेसच का

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २००३ च्या मे महिन्यात आली. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं. कोणीही ते वापरावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं, त्याला परवाना शुल्क नाही. द्रुपल आणि जुमला ही अशीच दुसरी सॉफ्टवेअरंही मुक्तस्रोतच आहेत आणि गुंतागुंतीच्या कामाला द्रुपल भक्कम आहे. पण पाच-सात पानं, सूचना आणि अहवाल एवढ्यासाठी वर्डप्रेस पुरतं, त्याच्या पडद्यावरची बटणं आणि सूचना मराठीत मिळतात आणि अडलं तर जवळच्या शहरात जाणकार सापडतो. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या शहरांत वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे मेळावे, भरलेले आहेत.

एक घोळ पहिल्याच दिवशी मिटवावा. 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही एका कंपनीची होस्टिंग सेवा, म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर ठेवायला जागा देणारी सेवा आहे. 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग' वर मिळतं ते मूळ सॉफ्टवेअर, जे आपण आपल्या जागेवर बसवतो. आपल्याला हे 'डॉट ऑर्ग'वरचं हवं आहे. शिकणारे घरी सराव करायला बसतात आणि गुगलमध्ये पहिलं दिसेल तिथे खातं उघडतात, मग वर्गात दाखवलेले पर्याय त्यांना सापडत नाहीत. यात त्यांची चूक नसते, ते वेगळ्याच ठिकाणी असतात.

वर्गाची रचना

एका संगणकावर दोघं बसवावेत आणि माऊस कमी येणाऱ्याच्या हातात द्यावा. ज्याला येतं तो तोंडाने सांगेल, हात लावणार नाही. हाच नियम शिकवणाऱ्यालाही लागू. शिकवणाऱ्याने माऊस घेतला की काम दहा सेकंदांत होतं आणि शिकणाऱ्याला काहीही समजत नाही. "वर डावीकडे बघा, तिसरी ओळ" असं सांगायला एक मिनिट लागतं, पण ती ओळ पुढच्या वेळी त्याची त्याला सापडते.

दर रविवारच्या शेवटच्या वीस मिनिटांत प्रत्येक जोडीने त्या दिवशीच्या एका कामाची कृतिपत्रिका मराठीत लिहावी. एक पान, एका ओळीत एकच कृती, कोणतं बटण कुठे आहे ते जसं दिसतं तसं. पुढच्या रविवारी ती पत्रिका दुसऱ्या जोडीला द्यावी आणि लिहिणाऱ्यांनी गप्प बसून बघावं. जिथे वाचणारा अडला तिथे पत्रिका अपुरी आहे, तिथेच दुरुस्त करावी. सहा रविवारांत अशा पंचवीस-तीस पत्रिका जमतात आणि पुढच्या तुकडीचं पाठ्यपुस्तक तयार होतं. पुढची तुकडी शिकवायची तीही याच दहांपैकी चौघांनी. शिकवायचं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला माणूस जास्त नीट शिकतो.

पहिला रविवार: संगणक बंद

पहिल्या दिवशी फक्त कागद-पेन. सभासद वेबसाइटवर कशासाठी येईल याची यादी करावी: कार्यालयाची वेळ, सर्वसाधारण सभेची नोटीस, अर्जांचे नमुने, वार्षिक अहवाल आणि ताळेबंद, ठेवींचे व्याजदर किंवा दुधाचे दर, संचालक मंडळ, फोन नंबर. संस्थापकांची चरित्रं आणि सत्काराचे फोटो कोणी शोधत येत नाही. ते 'आमच्याविषयी' या पानावर थोडक्यात असावेत. पानं सहा-सातच्या वर जाऊ देऊ नयेत. प्रत्येक पानापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: मजकूर कोण देणार आणि तो किती दिवसांनी तपासला जाणार. नाव लिहिलं नाही तर वर्षभराने मुखपृष्ठावर मागच्या सभेची नोटीस लटकलेली दिसते.

काय टाकायचं नाही हेही याच दिवशी ठरवावं. सभासदांचे आधार क्रमांक जाहीर करणं आधार कायद्याने मना आहे, आणि स्कॅन केलेल्या अर्जांत ते नकळत जातात. फोन नंबरांसह सभासद यादी उघड्या पानावर नको. थकबाकीदारांची नावं वकिलाला विचारल्याशिवाय नकोत. पतसंस्थांनी आणखी एक काळजी घ्यावी. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ७ प्रमाणे सहकारी बँक नसलेल्या संस्थेला नावात किंवा व्यवसायाच्या संदर्भात 'बँक', 'बँकिंग' हे शब्द वापरता येत नाहीत. मुखपृष्ठावर हौसेने लिहिलेली 'आधुनिक बँकिंग सेवा' ही ओळ महागात पडू शकते.

दुसरा रविवार: स्वतःच्या संगणकावर बसवणं

सराव इंटरनेटवर नको, संगणकावरच करावा. त्यासाठी झॅम्प हे मोफत पॅकेज घ्यावं. त्यात अपाची (पानं ब्राउझरला पुरवणारा प्रोग्रॅम), डेटाबेस (मजकूर साठवणारा, पॅनेलमध्ये 'मायएसक्यूएल' या नावाने दिसणारा) आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) तिन्ही एकत्र येतात.

१. झॅम्प थेट सी ड्राइव्हवर बसवावं. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवलं तर विंडोज परवानग्या अडवतं.
२. झॅम्पच्या पॅनेलमधून अपाची आणि मायएसक्यूएल सुरू करावं. दोन्ही हिरवे दिसले पाहिजेत.
३. वर्डप्रेसची झिप फाइल उलगडून तिचं फोल्डर झॅम्पच्या 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये ठेवावं आणि त्याला संस्थेचं छोटं रोमन नाव द्यावं, मध्ये जागा न सोडता.
४. ब्राउझरमध्ये पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं पान उघडून नवा डेटाबेस करावा, त्याचं कोलेशन (अक्षरं साठवण्याची आणि लावण्याची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' ने सुरू होणारं निवडावं.
५. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव टाकावं. भाषा मराठी निवडावी. डेटाबेसचं नाव वर दिलेलं, वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा.

रिकामा पासवर्ड फक्त सरावाच्या संगणकावर चालतो, हे त्याच वेळी सांगावं.

इथे काय बिघडतं? अपाची सुरू होत नाही, कारण ८० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, दुसऱ्या प्रोग्रॅमने धरलेलं असतं. सेटिंगमध्ये ते ८०८० करावं आणि पत्त्यात 'लोकलहोस्ट'नंतर अपूर्णविराम देऊन ८०८० लिहावं. 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' असा संदेश आला तर नाव किंवा पासवर्डमध्ये चूक असते किंवा मायएसक्यूएल बंद असतं. आणि वीज गेली किंवा संगणक तसाच बंद केला की मायएसक्यूएलच्या फाइली खराब होतात आणि ते पुन्हा उठत नाही. काम संपवून खुर्चीवरून उठण्याआधी पॅनेलमधलं 'स्टॉप' दाबायची सवय लावावी. घरी साधा लॅपटॉप असलेल्यांनी 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' वापरावं. ते ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही, फक्त साठवल्याशिवाय टॅब बंद केला तर काम जातं.

बसवल्यावर लगेच तीन सेटिंग बघावीत. वेळक्षेत्र 'कोलकाता' करावं, नाहीतर ठरावीक वेळी प्रसिद्ध व्हायला ठेवलेली सूचना साडेपाच तासांनी चुकते. पर्मालिंक, म्हणजे पानांचे कायमचे पत्ते, 'पोस्टचं नाव' या प्रकारचे ठेवावेत. 'शोधयंत्रांना परावृत्त करा' ही खूण सरावात असू द्यावी, पण खरी वेबसाइट सुरू करताना काढायची अशी नोंद भिंतीवर लावावी. ती खूण राहून गेली की गुगलवर संस्था दिसत नाही आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरा आणि चौथा रविवार: मजकूर, आणि तो मराठीत नीट दिसणं

पान आणि पोस्ट यांतला फरक उदाहरणानेच शिकवावा. 'संपर्क' हे पान, कारण ते कायम असतं. सभेची नोटीस ही पोस्ट, कारण तिला तारीख आहे आणि नवी आली की जुनी खाली जाते. पोस्टना 'सभा', 'दर', 'निविदा' असे तीन-चार वर्ग द्यावेत. सगळ्या सूचना एकाच पानावर एकाखाली एक चिकटवत जाण्याची चूक जवळपास प्रत्येक तुकडी करते. दोन महिन्यांत ते पान वाचण्यासारखं राहत नाही.

मराठी वेबसाइटच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, म्हणून इथे वेळ द्यावा. संस्थांचा जुना मजकूर बहुधा श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो तसाच चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, नाही. परिवर्तक प्रोग्रॅममधून तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर ओळ न् ओळ वाचावीच लागते. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' हमखास चुकतात. 'सुधाऱ्या'चं 'सुधार्‍या' झालेलं डोळ्याला दिसत नाही, पण शोधात तो शब्द सापडत नाही. नवा मजकूर इनस्क्रिप्ट या कळफलकाने किंवा फोनवरच्या मराठी कीबोर्डने, पण युनिकोडमध्येच टाइप करायचा, हा संस्थेचा नियम व्हावा. नोटीस फक्त स्कॅन करून चढवू नये. मजकूर पोस्टमध्ये टाइप करावा आणि सहीशिक्क्याची पीडीएफ खाली जोडावी. स्कॅनमधला मजकूर शोधात येत नाही, आणि दृष्टिहीन सभासदाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही.

थीम, म्हणजे वेबसाइटच्या रूपाचा तयार साचा, वर्डप्रेसबरोबर येणारीच घ्यावी. तिच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी असेलच असं नाही. ती नसेल तर ब्राउझर संगणकावरचा कोणताही फाँट लावतो आणि प्रत्येक फोनवर वेगळं दिसतं. वर्डप्रेस ६.५ पासून फाँट लायब्ररी आली आहे. तिथून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्यावा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, आणि मुक्ता मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला आहे. साधी आणि ठळक अशी दोनच वजनं घ्यावीत, प्रत्येक वजन म्हणजे आणखी एक फाइल उतरवणं. फाँट लावल्यावर ही ओळ टाइप करून तपासावी: 'शाळेतल्या मुलांनी कुऱ्हाड, दऱ्या, ॲप, ऑफिस, क्लृप्ती, ज्ञान असं लिहिलं.' कुठे ठिपक्यांचं वर्तुळ किंवा चौकोन दिसला तर फाँट बदलावा. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ ठेवावं, त्याहून कमी केलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच हवं. इंग्रजी मथळ्यांसाठी थीम ते वाढवते किंवा घटवते, आणि मराठीत त्याने शिरोरेषा तुटते किंवा अक्षरं एकमेकांवर चढतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही मराठी शीर्षकावरूनच बनवतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्के चिन्हासह तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर तोडतं, त्यामुळे बावीस चिन्हांनंतर पत्ता अर्धवट संपतो. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात, म्हणून 'वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस' एवढंही पूर्ण मावत नाही. व्हॉट्सॲपवर तो दुवा टक्के चिन्हांची लांबलचक माळ होऊन जातो. उपाय सोपा आहे: प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पत्त्याचा भाग रोमन लिपीत तीन-चार शब्दांत स्वतः लिहावा. प्रसिद्ध केल्यावर तो बदलू नये, आधी पाठवलेले दुवे तुटतात.

फोटोंबद्दल थोडक्यात. फोनवरचा चार-पाच एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून चढवावा, तो दोन-तीनशे केबीत बसतो. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी त्याचं वर्णन, द्यावा. अहवाल १५० डीपीआयवर करड्या रंगात स्कॅन करावा. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबीची असते, तिच्यापुढची फाइल बऱ्याच होस्टिंगवर अडते.

पाचवा रविवार: डोमेन, होस्टिंग आणि ठराव

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्याइतक्या काळजीने बघावं. नोंद संस्थेच्या नावे, ईमेल संस्थेचा, फोन कार्यालयाचा. सचिवाच्या मुलाच्या किंवा वेबसाइट करणाऱ्याच्या नावे कदापि नाही. खरेदीआधी संचालक मंडळाने ठराव करावा, त्याचा मजकूर असा ठेवता येईल:

'असे ठरले की, संस्थेच्या वेबसाइटसाठी डोमेन व होस्टिंग संस्थेच्या नावे घेण्यात यावे. त्याचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी करण्याची जबाबदारी सचिवांची राहील. प्रशासक म्हणून दोन व्यक्ती राहतील व त्यातील किमान एक संस्थेचा कर्मचारी असेल. सर्व पासवर्ड व पर्यायी कोड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवण्यात यावेत.'

दर बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बघू नये, नूतनीकरणाचा बघावा. स्वस्त वाटणारी योजना दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट होते. सहकारी संस्थांसाठी '.कूप' हे खास डोमेन आहे, पण साध्या कामाला '.इन' पुरेसं आहे. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' मिळतं. ते जरूर घ्यावं, पण मुख्य पत्ता रोमन ठेवून '.भारत' त्याकडे वळवावं, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. नागरी सहकारी बँकांची वाट वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी '.बँक.इन' सक्तीचं केलं असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

एसएसएल प्रमाणपत्रासाठी, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातली जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, वेगळे पैसे मोजू नयेत. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं मोफत मिळतं आणि चांगली होस्टिंग सेवा ते आपोआप नवं करते.

सरावातली वेबसाइट इंटरनेटवर नेताना एक फसगत होते. डेटाबेसमध्ये जागोजागी 'लोकलहोस्ट' हा पत्ता लिहिलेला असतो. काही जण डेटाबेसची फाइल साध्या संपादकात उघडून शोधा-बदला करतात आणि विजेट (बाजूच्या पट्टीतले छोटे भाग), थीमची सेटिंगं गायब होतात. कारण बऱ्याच नोंदींत मजकुराबरोबर त्याची लांबीही साठवलेली असते आणि पत्ता बदलला की ती जुळत नाही. डुप्लिकेटरसारखं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वापरावं, ते लांबीसह बदल करतं. नेल्यावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर नव्या डेटाबेसचं कोलेशन 'यूटीएफ८एमबी४' नाही. दुरुस्त करत बसू नये, डेटाबेस पुसून योग्य कोलेशनने पुन्हा न्यावं.

सहावा रविवार: सांभाळ

भूमिका वाटाव्यात. दोन प्रशासक, दोन संपादक, बाकी सगळे योगदानकर्ते. योगदानकर्त्याला लिहिता येतं, प्रसिद्ध करता येत नाही आणि फोटोही चढवता येत नाही. फोटोचं बटण दिसत नाही म्हणून काहीतरी बिघडलं असं नव्यांना वाटतं, आधीच सांगून ठेवावं. 'ॲडमिन' हे वापरकर्ता नाव ठेवू नये. प्रतिक्रिया बंद कराव्यात, नाहीतर आठवड्यात जाहिरातींचा ढीग साचतो.

प्लगइन आठाच्या वर नकोत. घेण्याआधी शेवटचं अद्ययावत कधी झालं ते बघावं. 'वर्डप्रेसच्या ताज्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही' अशी पट्टी दिसली तर सोडून द्यावं. विकतच्या थीमच्या फुकट फिरणाऱ्या प्रती कधीच बसवू नयेत, त्यांत घुसखोरीचा कोड लपवलेला असतो. अद्ययावत करण्याचा क्रम असा: आधी बॅकअप, मग प्लगइन एकेक करून, शेवटी वर्डप्रेस. एकदम सगळी केली आणि पडदा पांढरा पडला तर दोष कोणाचा ते कळत नाही. तसं झालंच तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून 'प्लगइन्स' फोल्डरचं नाव बदलावं. सगळी प्लगइन बंद होतात आणि आत जाता येतं.

बॅकअप म्हणजे फाइली आणि डेटाबेस, दोन्ही. अपड्राफ्टप्लस या प्लगइनच्या मोफत आवृत्तीतून तो दर आठवड्याला संस्थेच्या गुगल ड्राइव्हवर पाठवता येतो, आणि महिन्यातून एकदा कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर उतरवावा. वर्गात प्रत्येक जोडीने सरावाची वेबसाइट मुद्दाम पूर्ण पुसावी आणि बॅकअपवरून उभी करावी. हे न करता दिलेलं प्रशिक्षण अपुरं आहे. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

तांत्रिक कामात रस नसलेला, पण मराठी उत्तम असलेला एखादा शिकणारा प्रत्येक तुकडीत असतो. त्याला वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराकडे वळवावं. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खातं काढून भाषांतर विभागात 'मराठी' निवडायचं आणि एकेका ओळीचं भाषांतर सुचवायचं. सुचवलेली ओळ मराठीच्या संपादकांनी मान्य करेपर्यंत थांबून राहते. ओळीतली टक्के चिन्हाने सुरू होणारी खूण जशीच्या तशी ठेवायची, तिथे प्रत्यक्ष नाव किंवा आकडा येतो. सभासदाला, लेखनिकाला कळेल असा शब्द सुचवणारी माणसं या कामाला हवीच आहेत.

शेवटचं काम संचालक मंडळ बदलताना येतं. नव्या प्रशासकाचं खातं आधी उघडावं, त्याने आत येऊन एक पान बदलून दाखवावं, आणि मगच जुन्याची भूमिका खाली आणावी. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल या तिन्हींचे पासवर्ड त्याच बैठकीत बदलावेत, पाकिटातला कागद नवा लिहावा आणि इतिवृत्तात नोंद घ्यावी. जुनं खातं पुसायची घाई करू नये. पुसताना वर्डप्रेस विचारतं की या वापरकर्त्याच्या मजकुराचं काय करायचं, आणि तिथे 'सर्व मजकूर पुसा' निवडलं तर त्याने पाच वर्षांत टाकलेल्या सगळ्या नोटिसा आणि अहवालांची पानं त्याच्याबरोबर जातात. 'सर्व मजकूर यांच्या नावे करा' हा दुसरा पर्याय निवडून नव्या सचिवाचं नाव द्यावं.